बहिणीचा मंगळ, सायन-निरयन आणि एक प्रश्न: पत्रिका तपासायची तर कशी?

कृष्णाकाठची · शनिवार, रात्री ९:४०

नमस्कार. मी सांगलीत विश्रामबागेत राहते. इथे बरीच वर्षं वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढते आहे, आणि थोडा मोठा होणार आहे.

माझ्या धाकट्या बहिणीचं स्थळ गेल्या महिन्यात मोडलं. मुलगा-मुलगी दोनदा भेटले होते, दोघांची पसंती होती, मुलाच्या आईने हिला साडीसुद्धा दाखवून ठेवली होती. मग त्यांच्या ज्योतिषांनी पत्रिका पाहिली. बारावा मंगळ. दोन दिवसांनी फोन आला, "योग नाही असं समजा." बाबा फोन ठेवून बराच वेळ व्हरांड्यात बसून होते.

बहिणीचा जन्म मे १९९५ चा, दुपारी पावणेचारच्या सुमाराचा. पत्रिकेत लग्न, म्हणजे जन्मावेळी पूर्वेला उगवत असलेला बिंदू, कन्या राशीत २४ अंशांवर आणि मंगळ सिंहेत १ अंश. म्हणजे लग्नापासून बाराव्या घरात. आमचा आतेभाऊ परदेशात असतो. त्याने हीच तारीख, वेळ आणि गाव घालून तिकडच्या पद्धतीने पत्रिका काढली. त्यात लग्न तूळ १८ अंश आणि मंगळ सिंहेतच, पण २५ अंशांवर. तुळेपासून सिंह अकरावी. बारावा मंगळ गेला, अकरावा आला. अकराव्या मंगळाला आपल्याकडे कुणी नाव ठेवत नाही.

मुलगी तीच, जन्माचा क्षण तोच, आकाशात मंगळही एकच. मग एकीकडे ती मंगळी आणि दुसरीकडे नाही, हे कसं? मला कुणाची टिंगल करायची नाही, कुणाची श्रद्धाही दुखवायची नाही. दोन्हींतलं कुठलं अधिक खरं ठरतं हे तपासता येईल का आणि कसं, एवढंच विचारते आहे. तपासता येत नसेल, तर त्याच्या जोरावर घरी आलेलं स्थळ परत का पाठवायचं?

---

अजिंक्यतारा · शनिवार, रात्री १०:२५

ताई, मी साताऱ्यात एकतीस वर्षं गणित शिकवलं. गणितापुरतं सांगतो.

दोन्ही पद्धती आकाशाच्या वर्तुळाचे तीस-तीस अंशांचे बारा भाग करतात. मोजायला सुरुवात कुठून करायची, यावर मतभेद आहे. पाश्चात्य पद्धत सायन आहे. मार्चमध्ये दिवस-रात्र समान होतात त्या वेळी सूर्य जिथे असतो, तिथे मेषेचा शून्य अंश. आपली निरयन पद्धत ताऱ्यांच्या संदर्भाने मोजते. आज सर्वाधिक चालणाऱ्या चित्रापक्षात चित्रा ताऱ्यासमोरचा बिंदू आरंभ धरतात. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा हळूहळू डोलतो, त्यामुळे हा समान दिवस-रात्रीचा बिंदू, म्हणजे संपातबिंदू, ताऱ्यांमधून वर्षाला साधारण ५० विकला (३,६०० विकलांचा एक अंश) मागे सरकतो. ७२ वर्षांत एक अंश, पूर्ण फेरीला जवळजवळ २६ हजार वर्षं. आज या दोन आरंभांमध्ये सुमारे २४ अंशांचं अंतर पडलं आहे, त्यालाच अयनांश म्हणतात.

आता ३० अंशांच्या राशीत २४ अंशांची सरक म्हणजे पाचांपैकी चार भाग. म्हणून दर पाच माणसांतल्या साधारण चौघांची सूर्यरास दोन पद्धतींत वेगळी निघते. चंद्ररासही तशीच. दोन्ही पद्धतींत एकाच राशीची फळं जवळपास सारखी सांगतात. सिंहेचा माणूस मानी, कन्येचा चिकित्सक, असं. तर मग चौघांच्या बाबतीत दोन्ही वर्णनं एकाच वेळी बरोबर कशी असतील? निदान एक तरी चुकतं आहे. दोन्ही चुकत असतील ही शक्यताही शिल्लक राहतेच, आणि मला वाटतं तुमच्या प्रश्नाची खरी मेख तिथे आहे.

---

तंबोरा_मिरज · शनिवार, रात्री ११:१०

आमचं घर मिरजेत तंबोरे जुळवणाऱ्यांचं. सरांचं वाचून मला षड्ज आठवला. गाणाऱ्याने षड्ज काळी एकवर धरला काय नि काळी चारवर धरला काय, राग बदलत नाही, कारण सुरांमधली अंतरं तीच राहतात. तसं ग्रहांची एकमेकांतली अंतरं सायन-निरयनात बदलतात का?

---

अजिंक्यतारा · शनिवार, रात्री ११:३५

नाही बदलत. फार नेमकं विचारलंत. मंगळ आणि लग्नबिंदू यांच्यातलं अंतर दोन्हीकडे ५३ अंशच आहे, करून पाहा. अंशांत मोजलेले योग दोन्हीकडे तेच राहतात. बदलतात त्या राशींच्या भिंती. तुमचं उदाहरण पुढे न्यायचं तर सूर तेच, पण पेटीच्या पट्ट्यांवर आधीच "ही पट्टी शुभ, ही अशुभ" अशी लेबलं चिकटवलेली. षड्ज हलवला की तोच सूर दुसऱ्या लेबलाखाली जातो.

---

ग्रहगणित · रविवार, सकाळी ७:०५

मी साताऱ्यात पत्रिका पाहतो. वडीलही पाहायचे. ताईंच्या घरी जे झालं त्याचं वाईट वाटलं, आणि आमच्यापैकीच कुणीतरी घाई केली असं मला पत्रिका वाचताच दिसलं.

कृपया हे नीट वाचा. राशी-कुंडलीत मंगळ बारावा दिसतो, मान्य. पण लग्नबिंदू कन्येच्या २४ अंशांवर म्हणजे राशीच्या शेवटाकडे आहे आणि मंगळ त्याच्या ५३ अंश मागे. भावचलित, म्हणजे राशींऐवजी लग्नबिंदूपासून मोजलेली घरं, मांडलं तर लग्नबिंदू पहिल्या भावाचा मध्य, म्हणून बारावा भाव साधारण मागच्या १५ ते ४५ अंशांत संपतो. ५३ अंशांवरचा मंगळ चलितात अकराव्यात जातो. म्हणजे निरयन पद्धतीनेच, अयनांशाला हातही न लावता, हा मंगळ दोषाचा राहत नाही. मी ही पत्रिका परत पाठवली नसती.

बरं, मंगळ १, ४, ७, ८, १२ या पाच स्थानांत दोषाचा धरतात. बारापैकी पाच, म्हणजे शंभरात चाळीसच्या वर पत्रिका नुसत्या लग्नकुंडलीनेच मंगळाच्या होतात. चंद्रकुंडलीने, म्हणजे घरं चंद्रापासून मोजूनही पाहिलं तर आणखी वाढतात. म्हणूनच शास्त्रात अपवाद आणि परिहार इतके दिले आहेत. ते न पाहता नकार देणं हा अभ्यासाचा अभाव आहे.

सायन-निरयनाबद्दल एक सांगतो. हा वाद परका नाही, आपल्या घरातलाच आहे. केरो लक्ष्मण छत्र्यांनी एकोणिसाव्या शतकात वेधाशी जुळणारं पंचांग काढलं, ते पटवर्धनी पंचांग. त्यात आरंभ रेवती नक्षत्रातल्या ताऱ्यावरून धरला, तो रैवतपक्ष. पुढे लोकमान्यांनी तोच पक्ष घेतला. पंचांगशुद्धीसाठी मुंबई, पुणे आणि तुमच्या सांगलीतही संमेलनं भरली. टिळक पंचांगाचा अयनांश चित्रापक्षापेक्षा जवळजवळ चार अंशांनी कमी येतो, म्हणून काही वर्षी अधिक मास वेगळा पडतो आणि टिळक पंचांग पाळणाऱ्या घरी गणपती महिनाभर आधी बसतो. शंकर बाळकृष्ण दीक्षितांसारखे भारतीय ज्योतिषाचे इतिहासकार तर सायनपक्षाचे होते. सरकारने मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली १९५२ मध्ये समिती नेमली, १९५५ मध्ये अहवाल आला, आणि तेव्हापासून चित्रापक्षाला राजमान्यता मिळाली.

---

कृष्णाकाठची · रविवार, सकाळी ८:३०

ग्रहगणित काका, तुम्ही इतकं मनापासून लिहिलंत, आभार. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "म्हणजे दुसऱ्या गुरुजींकडे गेलो असतो तर साखरपुडा झाला असता?" मला उत्तर देता आलं नाही. तुम्हाला दोष देत नाही काका, पण चलित धरायचं की राशी-कुंडली, चित्रापक्ष की रैवतपक्ष, सायन की निरयन, हे जो तो आपापलं ठरवणार असेल तर मंगळ ठरवतो कोण?

---

संगममाहुली · रविवार, सकाळी ११:१५

तपासणी या विषयावर आपल्याच महाराष्ट्रात झालेलं मोठं काम कुणी अजून काढलं नाही म्हणून लिहितो.

२००८ साली पुण्यात जयंत नारळीकरांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली. सोबत संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, प्रकाश घाटपांडे आणि नरेंद्र दाभोलकर होते. घाटपांडे स्वतः ज्योतिष शिकलेले. दाभोलकर डॉक्टर तर आपल्या साताऱ्याचे. शिकले सांगलीच्या विलिंग्डनमध्ये, डॉक्टर झाले मिरजेत. सभा संपल्यावर खुर्च्या उचलायला थांबलेले मी त्यांना साताऱ्यात पाहिले आहे. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला, तेव्हा अख्खं सातारा शहर सुन्न झालं होतं.

चाचणी सरळ होती. शंभर हुशार मुलं आणि शंभर मतिमंद मुलं, त्यांच्या जन्मवेळांवरून संगणकाने काढलेल्या दोनशे पत्रिका. ज्योतिषांना प्रत्येकी ४० पत्रिका पाठवल्या आणि कुठली हुशार मुलाची, कुठली मतिमंद मुलाची, एवढंच विचारलं. ५१ जणांनी भाग घ्यायची तयारी दाखवली, २७ जणांनी उत्तरं पाठवली. नाणं उडवून सांगितलं तरी ४० पैकी २० बरोबर यायला हवीत. सरासरी आली १७.२५. सर्वांत चांगला गुण २४ होता, आणि अंदाजापेक्षा काही जास्त आहे असं म्हणायला २८ लागणार होते. एका ज्योतिष संस्थेने सगळ्या दोनशे पत्रिका पाहिल्या, तिची १०२ उत्तरं बरोबर आली.

पाश्चात्य बाजूचीही अशीच परीक्षा झालेली आहे. शॉन कार्लसनची, १९८५ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात आलेली. २८ ज्योतिषी, त्यांच्याच जाणकारांना विचारून आखलेली पद्धत. एक पत्रिका आणि मानसशास्त्रीय चाचणीतून आलेली तीन व्यक्तिचित्रं, त्यातलं पत्रिकेच्या मालकाचं कोणतं ते ओळखायचं. निम्मी तरी ओळखू, असं ज्योतिषांचं म्हणणं होतं. ओळखली गेली साधारण एक तृतीयांश, म्हणजे डोळे मिटून निवडल्यावर येतील तेवढीच.

---

ग्रहगणित · रविवार, दुपारी १:२०

नारळीकर सरांबद्दल आदर आहे, तरी आक्षेप नोंदवतो. बुद्धिमांद्य पत्रिकेवरून सांगता येतं असा दावा आमच्यातल्या सगळ्यांचा नाही. आम्ही काळ सांगतो, दशा सांगतो, म्हणजे आयुष्यातला कोणता काळ कोणत्या ग्रहाचा ते. विंशोत्तरी दशेच्या १२० वर्षांच्या चक्रात घटना कधी घडेल, हे आमचं खरं क्षेत्र. परीक्षा घ्यायची तर त्या विषयात घ्या.

कार्लसनबद्दलही अर्धीच गोष्ट सांगितलीत. पत्रिकेच्या मालकांना स्वतःचं व्यक्तिचित्र तिघांतून निवडायला सांगितलं होतं, आणि त्यांनाही ते ओळखता आलं नव्हतं. मग ज्योतिष्याने ते ओळखावं ही अपेक्षा योग्य आहे का? पुढे त्या आकड्यांची फेरमांडणी करून इतरांनीही आक्षेप घेतलेले आहेत.

---

संगममाहुली · रविवार, दुपारी १:५५

काका, हा मुद्दा मला मान्य आहे. स्वभाववर्णनावर परीक्षा घेण्यात दम नाही, असाच त्याचा अर्थ निघतो. तुम्ही दशेचं म्हणता ते जास्त चांगलं आहे, तारीख असली की वाद कमी.

---

द्राक्षबाग · रविवार, दुपारी ३:००

तासगाव भागातला शेतकरी आहे. पत्रिकेतलं कळत नाही, पण नक्षत्रावर आमची शेती चालत आली आहे. मृग निघाला की पेरा. ७-८ जूनला मृग लागतो आणि पाऊसही तेव्हाच येतो. हे निरयनच ना? मग आपलं खरं हे त्यातच आलं की.

---

अजिंक्यतारा · रविवार, दुपारी ४:१०

दादा, प्रश्न मोलाचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो. माझे वडील कोरेगावकडे शेती करायचे आणि मृगाच्या पहिल्या दिवशी पाभरीची पूजा व्हायची. ते मला प्रिय आहे.

पण पाऊस येतो तो सूर्य उत्तरेकडे किती सरकला यावरून. ते ऋतूचं गणित आहे, म्हणजे सायन. सूर्य मृगात जातो ते ताऱ्यांचं गणित, म्हणजे निरयन. दोन्ही सध्या एकत्र पडतात. ७२ वर्षांत एक दिवस या हिशोबाने मृग ऋतूंमधून पुढे सरकतो आहे. ज्योतिषी वराहमिहिराच्या काळात, सहाव्या शतकात, सूर्य मृगात यायचा तो ऋतूच्या हिशोबाने आजच्यापेक्षा तीन आठवडे आधी, म्हणजे मेच्या कडक उन्हात. आणखी दोन हजार वर्षांनी मृग जुलैत लागेल. पाऊस काही त्याच्यासाठी थांबणार नाही.

संक्रांतीचं तसंच. तिळगूळ आपण १४ किंवा १५ जानेवारीला वाटतो. विवेकानंदांचा जन्म झाला तो १२ जानेवारी १८६३ चा दिवस संक्रांतीचा होता. आणि सूर्य खरोखर उत्तरेकडे वळतो तो २१-२२ डिसेंबरला.

आणखी एक. आपण निरयन पद्धतीला 'वैदिक' म्हणतो, पण वेदांग ज्योतिष या आपल्या प्राचीन ग्रंथात मेष-वृषभ या राशी नाहीत, तिथे २७ नक्षत्रं आहेत. बारा राशींची कुंडली ग्रीकांशी झालेल्या देवाणघेवाणीतून आली. होरा, केंद्र, द्रेष्काण, पणफर, आपोक्लिम हे आपल्या ज्योतिषातले शब्द मूळ ग्रीक आहेत. यवन, म्हणजे ग्रीक, या शास्त्रात जाणकार आहेत आणि म्हणून मानाला पात्र आहेत, असं वराहमिहिराने मोकळेपणाने लिहून ठेवलं आहे. त्या काळी सायन आणि निरयन आरंभ जवळजवळ एकाच जागी होते, त्यामुळे निवडायची वेळच आली नव्हती. पुढे आरंभबिंदू लांब गेले आणि फळं मात्र दोन्हीकडे जुनीच राहिली.

---

वॉर्ड_नंबर_४ · रविवार, संध्याकाळी ६:४५

मी परिचारिका आहे, बावीस वर्षं बाळंतपणाच्या विभागात काढली. तुमच्या सगळ्या गणिताच्या मुळाशी जी वेळ आहे, तिच्याबद्दल बोलते.

जन्मवेळ म्हणजे कोणती? डोकं बाहेर आलं ती, पूर्ण बाळ आलं ती, रडलं ती, की नाळ कापली ती? यात कधी अर्धं मिनिट जातं, कधी चार. बाळ लगेच रडलं नाही तर सगळ्यांचं लक्ष बाळाकडे, घड्याळाकडे कुणी बघत नाही. बघूही नये. मग सगळं निस्तरल्यावर कुणीतरी विचारतं, "किती वाजले होते गं?" आणि आम्ही आठवून लिहितो. भिंतीवरचं घड्याळ पुढे असतं. नातेवाईकांच्या वहीत वेळ उतरते ती बाहेर बातमी पोचल्याची. माझ्या हाताने लिहिलेल्या शेकडो वेळांमध्ये पाचाने किंवा शून्याने संपणाऱ्याच जास्त निघतील, हे मला छातीवर हात ठेवून सांगता येईल.

---

ग्रहगणित · रविवार, संध्याकाळी ७:३०

सिस्टर, हे प्रत्येक ज्योतिष्याने वाचावं असं आहे. लग्न साधारण चार मिनिटांत एक अंश पुढे जातं. नवमांश, राशीचा नववा भाग, ३ अंश २० कलांचा (६० कलांचा एक अंश), म्हणजे तेरा-चौदा मिनिटांत बदलतो. कृष्णमूर्ती पद्धतीत नक्षत्राचेही बारीक भाग करतात, ते तर त्याहून लवकर. दशा मात्र जन्मावेळी चंद्र कुठल्या नक्षत्रात होता त्यावरून निघते, आणि चंद्र तासाला सुमारे अर्धा अंशच सरकतो. दहा मिनिटांची चूक दशेत फार नुकसान करत नाही. हेही दशेवर परीक्षा घ्यायचं एक कारण समजा.

---

अजिंक्यतारा · रविवार, रात्री ८:१५

इथे मी काकांच्या बाजूने एक गणित करून ठेवतो, कारण सायन-निरयनाचा निवाडा यातून होऊ शकतो असं मला वाटतं.

एक नक्षत्र १३ अंश २० कलांचं. शुक्राची महादशा २० वर्षांची. चंद्र शुक्राच्या नक्षत्रात असेल तर एका अंशाला दीड वर्ष. चित्रापक्ष आणि टिळक पंचांग यांच्यात चार अंशांचा फरक, म्हणजे सगळ्या दशा सहा वर्षांनी इकडे-तिकडे. सायनाचे २४ अंश म्हणजे जवळजवळ दोन नक्षत्रं, तिथे सगळा क्रमच वेगळ्या ग्रहापासून सुरू होतो. इतका मोठा फरक असेल तर खरी घटना कोणत्या दशेशी जुळते हे दिसायला हवं. शास्त्रात खरोखर काही असेल तर एक अयनांश बाकीच्यांपेक्षा ठळकपणे सरस निघेल. दोनशे वर्षं आपले विद्वान अयनांशावर भांडत आहेत, पण ते ताऱ्यांच्या आणि ग्रंथांच्या आधारावर. फळं मोजून कुणी हा वाद मिटवल्याचं माझ्या वाचनात नाही.

---

हळदपेठ · रविवार, रात्री ९:००

माझा अनुभव सांगते. नंतर हवं तर बाजूला ठेवा.

माझे वडील रोज सकाळी राशिभविष्य वाचतात आणि "अगदी माझंच" म्हणतात. मराठी पेपरात चंद्ररास असते, इंग्रजीत सूर्यरास. बाबांची एक वृश्चिक, दुसरी कन्या. एका रविवारी मी दोन्हीकडची स्वभाववर्णनं राशीचं नाव न लिहिता हाताने उतरवून काढली. तिसरा कागद मिथुनेचा केला, जी त्यांची कुठल्याच हिशोबाने नाही. बाबांनी मिथुनेचा कागद उचलला आणि म्हणाले, "हा माणूस मी." मी खरं सांगितलं तेव्हा ते रागावले नाहीत, बराच वेळ तिन्ही कागद परत परत वाचत बसले. त्यांची मुद्रा आठवली की अजून गलबलतं. आईचं आजारपण त्यांनी एका भविष्याच्या भरवशावर अंगावर काढू दिलं होतं.

---

संगममाहुली · रविवार, रात्री ९:३५

हळदपेठ ताई, बाजूला का ठेवायचं? बर्ट्राम फोरर या मानसशास्त्रज्ञाने १९४८ मध्ये हेच केलं होतं. ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि "हे तुमचं वर्णन" म्हणून कागद दिले. मजकूर सगळ्यांना एकच, तोही बराचसा बाजारातल्या ज्योतिषाच्या पुस्तकातून घेतलेला. पाचपैकी सरासरी ४.२६ गुण देऊन विद्यार्थ्यांनी वर्णन पटल्याचं सांगितलं. फ्रान्समध्ये मिशेल गोकलँ यांनी एका कुप्रसिद्ध खुन्याच्या पत्रिकेवरून आलेलं वर्णन लोकांना "तुमचं" म्हणून पाठवलं, तेव्हा पहिल्या दीडशे उत्तरांत ९४ टक्के लोकांनी ते जुळतं म्हणून कळवलं. हा गोकलँ ज्योतिषाचा शत्रू नव्हता. खेळाडूंच्या जन्मवेळी मंगळ विशिष्ट जागी जास्त सापडतो, असा दावा त्यानेच १९५५ मध्ये केला आणि त्यावर पुढे कित्येक वर्षं वाद चालला.

"पटलं का?" हा प्रश्न आपण परीक्षेतून काढूनच टाकायला हवा. वडिलांसारख्या साध्या माणसाची त्यात चूक नसते.

---

अजिंक्यतारा · रविवार, रात्री १०:४०

मग मांडतोच. सुधारणा सुचवा.

पहिली अट, निव्वळ सायन विरुद्ध निरयन अशी कुस्ती लावायची नाही. दोन घड्याळं वेगळी वेळ दाखवत असतील तर त्यातलं कमी चुकीचं निवडून काय मिळणार, तिसरीकडे आकाशवाणीचे ठोके लागतातच. इथे ते ठोके म्हणजे निव्वळ अंदाज.

साठ माणसं घ्यायची, चाळिशीच्या पुढची. प्रत्येकाकडून जन्मवेळ, शक्यतो दवाखान्याच्या कागदावरची, आणि आयुष्यातल्या चार ठळक घटना महिना-वर्षासह: लग्न, पहिली नोकरी, जवळच्या माणसाचा मृत्यू, मोठा अपघात किंवा शस्त्रक्रिया. प्रत्येक पत्रिकेसोबत तीन कागद द्यायचे. एक त्या माणसाचा, दोन त्याच वर्षात जन्मलेल्या, त्याच लिंगाच्या इतर दोघांचे. वर्ष आणि लिंग जुळवलं नाही तर नुसत्या वयावरून कागद ओळखू येईल. नाव, जात, गाव, काही नाही. ज्योतिषी पत्रिका पाहून खरा कागद निवडतील. निरयनवाल्यांना आणि सायनवाल्यांना तेच साठ संच. कोणता कागद कुणाचा हे माहीत असलेल्या माणसाने कागद वाटायचेही नाहीत.

डोळे मिटून निवडलं तरी साठात वीस बरोबर येतील. तीस किंवा जास्त यायची शक्यता निव्वळ अंदाजाने शंभरात एकापेक्षाही कमी. म्हणून रेघ तीसवर. जो पक्ष तीस गाठेल त्याला मी स्वतः जाऊन नमस्कार करेन, आणि परीक्षा नव्या साठ जणांवर पुन्हा घेऊ.

ही रेघ आधी ठरवणं सर्वांत महत्त्वाचं. सांगलीकरांना हे सांगायला नको. आयर्विन पुलावर ४० फूट इशारा आणि ४५ फूट धोका, हे पाणी चढायच्या आधीच ठरलेलं असतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते ५७ फुटांवर गेलं तेव्हा "धोका म्हणजे नेमकं काय म्हणायचं होतं" असा वाद घालायला जागा नव्हती. भविष्याला अशी पट्टी कुणी लावत नाही, म्हणून ते कधी बुडत नाही.

जवळजवळ एकाच वेळी जन्मलेल्या, पण एकमेकांचे कुणी नसलेल्या माणसांचाही एक मोठा दाखला सांगून ठेवतो. लंडनमध्ये ३ ते ९ मार्च १९५८ या आठवड्यात जन्मलेल्या २,१०१ जणांची आयुष्यं अभ्यासली गेली. लागोपाठच्या दोन जन्मांत सरासरी अंतर पाच मिनिटांहूनही कमी. शंभराहून जास्त गोष्टी मोजल्या, पण वेळ जवळची म्हणून माणसं एकमेकांसारखी निघाली नाहीत. सायन असो, निरयन असो, या उदाहरणात पत्रिका जवळजवळ तीच राहते. माझं स्वतःचं मत त्यामुळे कुणीकडे आहे हे लपवत नाही. म्हणूनच कागद वाटणारा मी नको.

---

ग्रहगणित · सोमवार, सकाळी ६:५०

रात्रभर विचार केला. मी भाग घेईन.

माझ्या तीन विनंत्या. घटनांत "पहिली नोकरी" ठेवू नका, ती हल्ली कुणालाच नीट सांगता येत नाही. त्याऐवजी पहिल्या अपत्याचा जन्म घ्या. अयनांश कोणता वापरला हे प्रत्येक ज्योतिष्याने आधी लिहून द्यावं, नंतर बदलू नये. माझा चित्रापक्ष. आणि आमच्यापैकी कुणी तीसच्या खाली राहिला तर त्याचं नाव जाहीर करू नका, आकडा करा. पोट यावर असलेली माणसं आहेत.

आमच्या घरात दोन पिढ्या हे काम झालं. वडील पत्रिका पाहायचे तेव्हा प्रत्येक सांगितलेलं एका वहीत तारखेसह लिहायचे. पण खरं ठरलं की नाही याचा रकाना त्या वहीत नाही. काल रात्री ती वही काढून पाहिली.

---

द्राक्षबाग · सोमवार, सकाळी ९:१०

माझं नाव साठात धरा. जन्मवेळ आजीच्या सांगण्यावरची आहे, "गुरं सुटायच्या वेळेला." चालेल का?

---

वॉर्ड_नंबर_४ · सोमवार, सकाळी ९:४०

नाही चालणार दादा, पण तुमच्या ओळखीचे दवाखान्यात जन्मलेले कुणी असतील तर पाठवा. कागद वाटायचं काम मी घेते. मला यातलं कोण कुणाचं हे कळणार नाही आणि कळून घ्यायची इच्छाही नाही.

---

हळदपेठ · सोमवार, दुपारी १२:२०

एक शंका बोलून दाखवते. दोन्ही पक्ष विसाच्या आसपासच राहिले, तरी उद्या मुलाकडचे पत्रिका मागायचे थांबणार नाहीत. मग या मुलींना आपण काय दिलं?

---

कृष्णाकाठची · सोमवार, रात्री ९:५५

हळदपेठ ताई, तोच विचार दिवसभर माझ्या डोक्यात होता. संध्याकाळी अख्खा धागा बहिणीला वाचायला दिला. तिने पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, काकांचं चलित तर कागदावर मांडून पाहिलं. मग मला म्हणाली, "माझी पत्रिका चुकीची वाचली हे कळून बरं वाटायला हवं होतं. पण बरोबर वाचली असती आणि मंगळ खरंच बारावा निघाला असता तर मी नाकारायच्या लायकीची झाले असते का?" यापुढे कुणालाही पत्रिका द्यायची नाही असं तिने बाबांना सांगितलं. बाबा लगेच हो म्हणाले नाहीत. नाहीही म्हणाले नाहीत.

परीक्षा मात्र करायचीच. ती स्वतः नोंदी ठेवणार आहे. ती चाळिशीची नाही, म्हणून साठात बसत नाही, पण सरांची पद्धत तिला पटली आहे. आतापर्यंत निरोपात चौदा नावं आली आहेत, नऊ सांगली-मिरजेची, पाच साताऱ्याची. काका, तुमच्या तिन्ही विनंत्या घेतल्या. सायन पद्धतीने पाहणारं कुणी इथे असेल तर कृपया पुढे या, तुमची बाजू रिकामी आहे.

सिस्टर, आज आईच्या ट्रंकेतून बहिणीचं दवाखान्यातलं कार्ड निघालं. त्यावर वेळ ३:४० आहे. आईच्या वहीत ३:२५. लग्न दोन्हींनी कन्याच येतं, पण अशा वेळी साठ जणांसाठी कुठली वेळ धरायची, कार्डावरची की वहीतली, ते आधी ठरवून सांगाल का?

---

वॉर्ड_नंबर_४ · सोमवार, रात्री १०:३०

कार्डावरची. सगळ्यांसाठी, निरपवाद. वहीतली दुसऱ्या रकान्यात लिहून ठेवा, पुसू नका.